दुसऱ्या घरची यादी

टावर चौकातल्या माझ्या दुकानातून माधव नगरात जयंतरावांकडे जायला स्कूटरवर पाच मिनिटं लागतात. मे महिना होता, दुपारचे अडीच वाजले होते. डोक्याला ओला गमछा बांधला, डिकीत केबल, पेन ड्राइव्ह आणि जुना लॅपटॉप टाकला आणि बायकोला फोनवर सांगितलं, तासाभरात जेवायला येतो. काम साधंच होतं. टीव्हीच्या डब्याचं अपडेट अर्ध्यात अडकलं होतं.

हा धंदा मला कोणी शिकवला नाही. तीस वर्षांपूर्वी उज्जैनमध्ये ज्या घराच्या गच्चीवर टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, दिसे, तिथे वर चढून विचारत बसायचो की हे कसं चालतं. पुढे निम्म्या शहराच्या छत्र्या मीच लावल्या. राम घाटाजवळच्या एका पंड्याकडे छत्री दक्षिणेकडे वळवायला लागलो, तर तो ओरडला, “अरे भिया, वो यमराज की दिशा है, उधर मुँह मत करो!” मी म्हटलं, “पंडितजी, छतरी उधर कुछ भेजती नहीं है. उधर से जो आता है, बस वो पकड़ती है.” तो थोडा वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, “ये तो और बुरा हुआ.” तरी लावून घेतली, क्रिकेट सुरू होणार होतं. असे शंभर किस्से आहेत माझ्याकडे. गिऱ्हाईक बसलं की एक सांगतो, चहा मागवतो. आता गिऱ्हाईक कमी झालं, सगळे मोबाईलवर बघतात. मीही थकलोय. पण त्या मे महिन्यातली गोष्ट मी दुकानात सांगत नाही.

जयंतराव बँकेतून रिटायर झालेले. मूळचे धुळ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पत्नीला, कल्पनावहिनींना, अडीच वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला डावा हात, त्यातही नीट चाले तो फक्त अंगठा. मुलगी परदेशात. घरात दोघंच.

आता ज्याला बोलता येत नाही, ते माणूस काय करेल? वहिनींनी स्वतःची एक रीत काढली होती. रिमोट त्यांच्या डाव्या हातात असे आणि त्या चॅनल लावून बोलत. चौदा नंबरवर स्वयंपाकाचं चॅनल लावलं की भूक लागली. बावीसवर भजनं लावली की कुठेतरी दुखतंय. प्राण्यांचं चॅनल म्हणजे डास चावतायत. पाहुणा आला की नऊ नंबर, वस्तू विकणाऱ्यांचं चॅनल, म्हणजे चहा ठेवा. मला तर फार हसू यायचं त्याचं. एकतीसवर बातम्या, ती भांडणारी माणसं, आवाज पूर्ण वाढवून. त्याचा अर्थ ‘नाही’. आणि कधी जयंतराव दिवसभर राबून दमले, की त्या त्यांच्यासाठी क्रिकेट लावत. म्हणजे, मी बरी आहे, तू बस आता. मग जयंतराव खरंच पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसत.

म्हणून तो डबा बंद पडणं म्हणजे त्या घरात साधी गोष्ट नव्हती.

“बीच में बत्ती गई ना, श्रीपादभाऊ,” दार उघडता उघडता जयंतराव म्हणाले. “अपडेट चाळीस टक्क्यांवर होतं. आता नुसता लाल दिवा. कालपासून ती… बघा तुम्हीच.”

वहिनी पलंगावर उशाला टेकून होत्या. टीव्ही काळा. अंगठा रिमोटवर चालूच होता, एक बटण, दुसरं बटण, परत पहिलं. कूलरचा वाळ्याचा वास आणि त्या बटणांची टकटक, एवढंच खोलीत.

“नवा बॉक्स बसवू का? दहा मिनिटांचं काम.”

“दिवाळीत नाही का तुम्हीच बसवला होता? त्याचा रिमोट वेगळा. तिच्या अंगठ्याला जमेना. दोन दिवस रडली हो. हाच चालू करा, काहीही करा.”

मी डबा उघडला. पेन ड्राइव्ह लावून बघितला, तो घेत नव्हता. मग आत पट्टीवर तीन पिना असतात, तिथे केबल जोडून लॅपटॉपवर बघितलं. जीव होता, पण पोट रिकामं. त्यात भरायची फाईल आता कुठे मिळत नाही, मॉडेल बंद होऊन सात वर्षं झाली. अशा वेळी आम्ही एक करतो. त्याच मॉडेलचा दुसरा चालू डबा शोधायचा, त्याच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं आणि बंद डब्यात घालायचं. धंद्यात याला डंप मारणं म्हणतात. मात्र डंपबरोबर त्या दुसऱ्या घरची चॅनलची यादी, त्यांच्या खुणा, सगळंच येतं. ते नंतर पुसायचं असतं.

असा एक डबा माझ्या दुकानाच्या माळ्यावर होता. मीराताईंचा.

मीराताई ऋषिनगरात वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, सांधे दुखायचे म्हणून घरात सदा निलगिरीच्या तेलाचा वास. त्या डब्यात आठवण लावायची सोय होती, की अमुक वाजता अमुक कार्यक्रम. मीराताई तिथे कार्यक्रमाच्या जागी आपलंच काही लिहायच्या. डब्याला मराठी येत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत एकेक बटण दाबून. ‘पाणी पी’. ‘कडी लाव’. वेळ झाली की टिंग वाजून पडद्यावर ओळ यायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, “श्रीपादभाऊ, घरात हाक मारणारं कोणी नाही. हा मारतो.” दोन वर्षांपूर्वी थंडीत गेल्या. दोन दिवसांनी दूधवाल्याच्या लक्षात आलं, तोवर टीव्ही चालूच होता. भाच्याने घर रिकामं केलं आणि डबा मला देऊन टाकला.

जाऊन तो आणला. डंप काढला, जयंतरावांच्या डब्यात मारला. चाळीस मिनिटं गेली. डबा गरम झाला तेव्हा त्याच्या जाळीतून निलगिरीच्या तेलाचा मंद वास आला. मला वाटलं, लॅपटॉपच्या बॅगेत काही सांडलं असेल.

टीव्ही लागला. जयंतरावांनी हात जोडले. नंबर वेगळे होते, ते आम्ही दोघांनी बसून वहिनींच्या क्रमाने लावले. नऊ, चौदा, बावीस, एकतीस. मग पुसायचं काम राहिलं. डब्याने चार आकडी पासवर्ड मागितला. मीराताईंचा पासवर्ड मला कसा माहीत असणार? केबलने तो आठवणींचा कप्पा वेगळा पुसता आला असता, पण आणखी पाऊण तास लागला असता. साडेचार वाजले होते, पोटात काही नव्हतं, पाठ भरून आली होती.

मी तसाच सोडला. तीस वर्षांत कोणाचा डबा असा सोडला नव्हता. तो एक सोडला.

एवढ्यात टिंग वाजली आणि पडद्यावर ओळ आली, ‘पाणी पी’. जयंतराव दचकले, मग मी मीराताईंचं सांगितलं तेव्हा खूप दिवसांनी हसले. “राहू द्या हो. बाईंचं बरोबरच आहे, दिवसभरात मी पाणी प्यायलोच नाही.” आणि खरंच जाऊन प्यायले.

वहिनींनी माझ्यासाठी नऊ नंबर लावला. चहा पिऊन मी घरी गेलो.

आठ-नऊ दिवसांनी जयंतरावांचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका मोकळा. “श्रीपादभाऊ, या लवकर! कल्पना लिहायला लागली!”

मी अर्धा किलो पेढे घेतले. आपल्या हातून कोणाचं असं भलं झालं तर कोण नाही जाणार?

जयंतरावांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची पलंगाशेजारी नव्हती, टीव्हीसमोर ओढलेली होती. “परवापासून बघा. ती आठवण लावायची सोय आहे ना, तिच्यात लिहिते. ‘पाठीला उशी द्या.’ ‘खिडकी लावा.’ काल लिहिलं, ‘तुम्ही दमलात, पडा थोडं.’ अडीच वर्षांनी शब्द, श्रीपादभाऊ… शब्द!”

मी वहिनींकडे वळलो. त्या माझ्याकडेच बघत होत्या. डोळे मोठे केले होते. डावा हात चादरीवर उताणा, रिकामा. अंगठा चादरीवरच दाबत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

“रिमोट कुठाय?”

“तो वर ठेवलाय, कपाटावर. फार चिडचिड करते हल्ली. सारखं एकतीस नंबर, आवाज फुल. शेजारचे येऊन गेले. आता लिहिते तर त्याची गरजही नाही.”

कूलरची मोटर घरघरत होती. मी अगदी हळू विचारलं, “जयंतराव… रिमोट कपाटावर आहे… तर लिहितं कोण?”

ते पेढ्याच्या पुड्याची दोरी सोडत होते. बोटं थांबली.

टिंग.

‘श्रीपादभाऊ आलेत ना. चहा ठेवा.’

मी त्या ओळीकडे बघत राहिलो. आठवणीला वेळ असते, कोपऱ्यात दिसते. दुपारचे तीन बेचाळीस. माझ्या घड्याळातही तीन बेचाळीसच. ही आठवण आधी लावून ठेवलेली नव्हती. आत्ताची होती. आणि खोलीत तो वास होता, निलगिरीचा…

वहिनींच्या घशातून एक आवाज आला, शब्द नसलेला.

मी स्टूल घेतलं, कपाटावरून रिमोट काढला आणि वहिनींच्या डाव्या हातात ठेवला. अंगठा लगेच धावला. एकतीस. बातम्यांतली माणसं एकदम किंचाळायला लागली, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत गेली.

“बघा!” जयंतराव कानावर हात ठेवून ओरडले. “हे असं दिवसभर!”

“एकतीस म्हणजे काय, जयंतराव?”

“चिडलीय.”

“मला तुम्हीच सांगितलं होतं. एकतीस म्हणजे काय?”

त्यांनी हात खाली घेतले. “…नाही,” ते म्हणाले. “एकतीस म्हणजे नाही.”

“परवापासून त्या ‘नाही’ म्हणतायत. हे मी लिहीत नाहीये, असं सांगतायत तुम्हाला. आणि तुम्ही त्यांचं तोंड कपाटावर ठेवलंत.”

बोलून गेलो आणि वाईट वाटलं. सत्तर वर्षांचा माणूस, दिवसातून चार वेळा बायकोची कूस बदलणारा. त्यांनी आवाज कमी केला, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरले.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ते म्हणाले. “कल्पना मला ‘तुम्ही’ कधी म्हणाली नाही. लग्नाआधीपासून अरे-तुरे आमचं.” मग थोड्या वेळाने, “परवा रात्री… जेवायचं राहून गेलं होतं. टिंग वाजली. ‘तुम्ही जेवलात का?’… श्रीपादभाऊ, अडीच वर्षं मी हिला भरवतोय, हिची औषधं, हिचं सगळं. तक्रार नाही हो माझी. पण कोणी विचारलं नव्हतं. एकदासुद्धा.”

“मी पुसतो ते. केबल आणलीय डिकीत.”

“नका.”

“जयंतराव…”

“नका पुसू. राहू द्या ना. कोणाचं काय बिघडतंय…”

वहिनींचा अंगठा हलला. चॅनल बदलत गेलं, बत्तीस, तेहतीस, पुढे. हळू, जपून, जसं कोणी पायऱ्या मोजत उतरतं. मग थांबलं. हिरवं मैदान, पांढरे कपडे, टाळ्यांचा बारीक आवाज. जुनी कुठली तरी मॅच होती.

क्रिकेट.

जयंतरावांनी ते बघितलं. तीन दिवस ज्यांचं एका खोलीत असून त्यांनी ऐकलं नव्हतं, त्या वहिनी त्यांना म्हणत होत्या, मी बरी आहे, तू बस आता. ते उठले, खुर्ची ओढत पलंगापाशी नेली आणि वहिनींचा हात रिमोटसकट कपाळाला लावून रडले. मी दुसरीकडे बघितलं.

“पुसा,” ते म्हणाले.

या वेळी मी घाई केली नाही. तो कप्पा केबलने पुसला, परत तपासला, परत पुसला. मध्ये टीव्ही काळा होता तेव्हा खोली फार गरम वाटत होती. पावणेसहाला डबा पहिल्या दिवसासारखा कोरा उठला. आठवणींची यादी उघडली. शून्य. पासवर्ड चार शून्यं. मी एकेक चॅनल पुन्हा जागेवर लावलं, छत्रीची केबल घट्ट केली. जाळीपाशी नाक नेऊन बघितलं. गरम प्लास्टिकचा वास, बाकी काही नाही.

रिमोट वहिनींच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नऊ नंबर लावला. एक बाई हसून हसून कढया विकत होती.

“चहा!” मी म्हटलं. “वहिनी, आज दोन कप घेणार हं. कमावलाय मी.”

जयंतराव डोळे पुसत हसले आणि स्वयंपाकघरात गेले. मी खाली बसून स्क्रू, केबल आवरायला लागलो. हलकं वाटत होतं. झोप येईल इतकं. आत भांड्याचा आवाज झाला, काडी ओढल्याचा आवाज झाला. मी पलंगाकडे न बघताच म्हटलं, “वहिनी, गेलं बरं का ते. आता तुमचं राज्य.”

खोलीत एकदम कल्लोळ झाला. मी दचकून वर बघितलं. एकतीस नंबर. पट्टी शेवटपर्यंत.

वहिनी टीव्हीकडे बघत नव्हत्या. माझ्याकडेही नाही. मान वळेल तितकी वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या आणि अंगठा बटणावर दाबून धरला होता, नख पांढरं पडेपर्यंत. आवाज आणखी वाढणार नव्हता, तरी दाबत होत्या.

त्या सगळ्या आरडाओरड्यात आतलं काही ऐकू यायला नको होतं. पण मला ऐकू आलं. जयंतराव बोलत होते, दबक्या आवाजात, मध्ये थांबून, जसं समोरच्याचं ऐकून घेत असावेत.

“…हो, सकाळीच जेवलो… नाही, औषध घेतलं… तुम्ही कशाला त्रास घेता… हो, ते आता निघतीलच.”

मी उभा राहिलो. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि अंगठा तसाच.

जयंतराव बाहेर आले. दोन्ही हातांत एकेक भरलेला कप, वाफ निघत होती. चेहरा इतका शांत की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. एक कप त्यांनी माझ्यापुढे केला.

“घ्या,” ते म्हणाले.

आणि त्यांच्या पाठीमागे, रिकाम्या स्वयंपाकघरात, कोणीतरी गॅसचं बटण फिरवून शेगडी बंद केली.